सातव्या खड्याचं चित्र

२ मार्च, सोमवार

पाच मिनिटांचं काम आहे म्हणे. ज्यांना पाच मिनिटांचं वाटतं त्यांनी स्वतः करावं की. सकाळी मी प्रयोगशाळेचं कुलूप काढतेय तोवर संशोधन करणाऱ्या दोघी मुली दारात उभ्या. एकीचं, "काकू, फक्त फिरवून द्या." दुसरीचं, "काकू, फक्त रंग बदला." फक्त! आणि चित्र छापून आलं की खाली नावं कुणाची, तर ह्यांची. माझं नाव कुठे, तर बाटल्या धुण्याच्या हजेरीपटावर.

माझी खुर्चीही परत कुणीतरी खाली केली आहे. गुडघे हनुवटीला लागतात. सांगून सांगून तोंड दुखलं.

चौदा वर्षं झाली मला ह्या प्रयोगशाळेत. बाटल्या धुवायला आले, अजूनही धुते. चित्रांचं काम दोन वर्षांपूर्वी बारकीनं गळ्यात घातलं. बारकी म्हणजे माझी पुतणी. दीर आणि जाऊ एकाच वर्षात गेले, तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या वेण्या घातल्या त्या मी, तापात उशाशी बसले ती मी. आता ती इथेच मोठ्या पदवीसाठी संशोधन करते, खडे बनवते. हे लोक त्याला क्रिस्टल म्हणतात. मला खडा म्हणायला बरं वाटतं.

तर ते काम असं. खालच्या मजल्यावरचं यंत्र खड्याच्या आत बघतं आणि एक फाईल देतं. ती फाईल ह्या प्रोग्रॅममध्ये उघडली की चौकटीत गोळे दिसतात, गोळ्यांना जोडणाऱ्या काड्या दिसतात. मग ते सगळं माऊसनं फिरवायचं, एका गोळ्याआड दुसरा लपणार नाही असं उभं करायचं, फालतू काड्या काढायच्या, रंग द्यायचे आणि चित्र काढून ठेवायचं. शिकलेली माणसं तासभर फिरवत बसतात आणि शेवटी सगळे गोळे एकावर एक. मी इथे यायच्या आधी बारा वर्षं शिवणाच्या दुकानात कपडे बेतले आहेत. चपटं कापड अंगावर उभं कसं राहील, ते मला कापायच्या आधी दिसतं. मग गोळे काय चीज आहेत?

ही वही पण बारकीचीच अट. इथे सगळे वही ठेवतात. तारीख घालायची, पेननं लिहायचं, खोडायचं तर एकच आडवी रेघ म्हणजे खालचं वाचता येतं, पान फाडायचं नाही. "काकू, आमच्या कामात वही म्हणजे शपथ," म्हणाली होती. चौथी शिकलेल्या बाईची कसली शपथ. पण सवय लागली. आता कामाचं कमी आणि रागाचंच जास्त लिहिते. वाचतंय कोण.

४ मार्च, बुधवार

बारकीची धांदल चालू आहे. सतराला तिला सगळ्यांसमोर काम दाखवायचं आहे. बाहेरून परीक्षक येणार. ते पसंत पडलं तर पदवी, आणि लगेच परगावी नोकरी. नोकरीचं पत्र येऊन पडलं आहे, फक्त पदवीची वाट.

आज तिच्या चौथ्या खड्याचं चित्र केलं. त्यात काही गोळे अर्धेच रंगवलेले होते, अर्धे पांढरे, अर्धवट सोललेल्या फळासारखे. मी तसेच ठेवले. ती म्हणाली, "हे भर ना, काकू."

"अर्धे का आहेत पण?"

"यंत्राला नीट दिसलं नाही की असं होतं."

"मग यंत्रवाल्याला सांग परत बघायला."

"त्याला कुठे वेळ आहे. तू कर ना. तुझ्यासारखं स्वच्छ कुणालाच जमत नाही."

ते खरं आहे. बाजूच्या यादीत त्या गोळ्यांच्या रांगेत शून्य पॉइंट पाच लिहिलं होतं. तिनं सांगितलं तसं तिथे एक केलं. गोळे टचकन भरले. चित्र छान दिसायला लागलं.

हात लावायच्या आधी मूळ फाईलची कॉपी करून ठेवली, नेहमीसारखी. दुकानात मालकीणबाई म्हणायच्या, बेतलेला कागद कधी कापू नकोस, कागदावरून कापड काप. इंग्रजी नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून माझ्या कप्प्यातल्या फाईलींना मी भांड्यांची नावं देते. ही 'परात'.

फालतू काड्या काढताना खाली उजव्या कोपऱ्यातली एक कामाची काडी चुकून उडाली. चहा गार होत होता. एक काडी कोण बघतंय. ठेवली तशीच.

९ मार्च, सोमवार

बारकीला सातव्या खड्याचं चित्र पाहिजे. फाईल मागितली तर म्हणे यायची आहे. आठ दिवसांवर आलं आणि यायची आहे! हे असंच. लग्न तोंडावर आणि कापड गिरणीत.

मग तीच म्हणाली, "काकू, चौथ्याचीच कॉपी कर. सातवा अगदी तसाच आहे, जुळी भावंडं म्हण. निळ्याच्या जागी हिरवा कर आणि जरा डावीकडे वळव. फाईल आली की बदलू."

केलं. दहा मिनिटं लागली. कॉपीचं हेच सुख, पहिल्यांदा घाम गाळायचा, दुसऱ्यांदा नुसतं बोट दाबायचं. ह्याचं नाव 'झाकण'.

बारकी मागे उभी होती. चित्र झाल्यावर खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. बोटं गार होती. म्हटलं, जेवलीस का? म्हणाली, हो. खोटं बोलत होती. तिचं पोट मला तिच्या आवाजावरून कळतं.

१२ मार्च, गुरुवार

बारकीनं मला नवीन चष्मा करून आणला. माझा जुना एका काडीवर लटकत होता, हे खरं. पण एवढ्या धांदलीत तिला आठवलं. आमचे हे म्हणाले, "बघ, पोटची असती तर एवढं केलं नसतं." हे लिफ्ट दुरुस्त करतात, दिवसभर खांबासारख्या अंधाऱ्या भोकात असतात, म्हणून बाहेर आले की सगळं गोडच दिसतं त्यांना.

घरी बारकीनं भाषणाची तालीम केली. पलंगावर आम्ही दोघं परीक्षक. ह्यांनी विचारलं, "ह्या खड्याचा उपयोग काय?" तर म्हणाली, "काका, ह्याच्यात एकही जागा रिकामी नाही. आजवर असा कुणाला जमला नव्हता. मी तो दोनदा बनवला, चौथा आणि सातवा." ह्यांचे डोळे भरले. काही कळलं नाही तरी भरले.

तिला विचारलं, सातव्याची फाईल आली का. म्हणाली, "हो, आली, बघितली, तसंच आहे सगळं. आणि काकू, त्या जुन्या फाईली काढून टाक. गोंधळ नको."

हो म्हटलं. टाकते कशाला. जुना कागद कधी लागेल सांगता येत नाही.

१७ मार्च, मंगळवार

अक्षर येईल तसं येवो.

सभागृहात मागच्या भिंतीला टेकून उभी होते. कप गोळा करायच्या निमित्तानं आत राहता येतं. बारकी छान बोलली. मी केलेली चित्रं भिंतीएवढी दिसत होती. शेजारच्या यंत्रवाल्याला मी कोपरानं ढोसलं सुद्धा. हाच तो खालच्या मजल्यावरचा यंत्रवाला. तो हसला नाही.

परीक्षक म्हणून एक म्हातारी बाई आली होती. चणीनं एवढीशी, आवाज एवढासा. म्हणाली, "चौथा आणि सातवा शेजारी शेजारी दाखवाल?" बारकीनं दाखवले. बाई उठून पडद्याजवळ गेली. खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"इथे एक काडी नाही. आणि इथेही नाही. चित्र वळवलं आहे, रंग वेगळा आहे, पण काडी तीच गेली आहे. दोन वेगळे खडे, दोन वेगळ्या फाईली, आणि एकच काडी कशी गेली?"

नव्या चष्म्यातून मला मागच्या भिंतीवरून ती मोकळी जागा दिसली. माझी काडी. चहाच्या कपापायी सोडलेली काडी.

मला वाटलं बारकी म्हणेल, फाईल यायची होती, तात्पुरतं लावलं होतं, बदलायचं राहिलं. खरंच वाटलं. मी मनात तिच्यासाठी वाक्य तयारसुद्धा केलं.

ती म्हणाली, "चित्रं आमच्या एक मदतनीस बाई करतात. त्यांचं शिक्षण फारसं झालेलं नाही. त्यांनी सातव्याच्या जागी चौथ्याची कॉपी लावली असावी. मी तपासायला हवं होतं."

मदतनीस बाई.

सगळी डोकी मागे वळली. बारकीचं वळलं नाही. माझ्या हातात सहा कप होते. एकही पडला नाही, एवढंच म्हणते. ते कप धुतले, पुसले, पालथे घातले. परत धुतले.

१८ मार्च, बुधवार

कामावर गेले. कुणी चित्र मागायला आलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे ह्या सगळ्या संशोधनाचे मुख्य. माणूस वाईट नाही, घसा खाकरल्याशिवाय एक वाक्य बोलत नाही एवढंच.

"बाई, तुम्ही मनानं काही बदललंत का?"

मी म्हटलं, "काडी माझ्या हातून गेली."

"बाकीचं?"

चौदा वर्षांत मी कुणाचं उत्तर बाकी ठेवलं नाही, आणि काल-आजच्यात जीभ टाळ्याला चिकटली. पुढे एक शब्द काढला तर तो बारकीवर जाणार, हे डोकं सांगत होतं. आणि मनात एक वेडी आशा, की चूक खरंच माझीच असेल. माझ्या भांड्यांच्या नावांचा घोळ झाला असेल. तिनं सातवी फाईल दिली असेल आणि मीच विसरले असेन.

साहेबांनी कागद दिला. आजपासून संगणकाला हात लावायचा नाही. सोमवारी सकाळी दहाला लेखी खुलासा. नाही दिला तर कामावरून कमी. बारकीचा निकाल तोपर्यंत राखून ठेवला आहे. चूक माझी ठरली तर तिनं नुसतं चित्र बदलून द्यायचं.

बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि ही वही उलटली. चार तारीख. नऊ तारीख. माझंच अक्षर. विसरले काहीच नव्हते.

तरी म्हटलं, एकदा विचारू. खाली यंत्रवाल्याकडे गेले. त्याला म्हटलं, "गोळा अर्धा दिसला म्हणजे तुझ्या यंत्राला नीट दिसलं नाही, असंच ना?"

तो म्हणाला, "कुणी सांगितलं? नीट दिसलं म्हणूनच अर्धा. त्या जागा निम्म्या रिकाम्या आहेत. मी तीनदा तपासून दिलं होतं तिला."

"आणि सातवा?"

"सातवा कुठला, बाई? सातवा बनलाच नाही. त्याचा भुगा झाला. माझ्या यंत्रापर्यंत आलाच नाही तो."

मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीस. म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. चित्रं तुम्ही करता ना."

त्याच्या स्टुलावर किती वेळ बसले होते देव जाणे. यंत्राचा घुं आवाज चालू होता. बारकी तालमीत म्हणाली होती, एकही जागा रिकामी नाही. त्या जागा मी भरल्या. ह्या बोटानं. शून्य पॉइंट पाच खोडून एक. आणि खोडलेलं खालून वाचता येईल अशी आडवी रेघ त्या प्रोग्रॅममध्ये नसते.

२० मार्च, शुक्रवार

संध्याकाळी बारकी तिच्या भाड्याच्या खोलीवरून घरी आली. ह्यांच्या समोरच विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"सातवा खडा कुठे आहे?"

ती ह्यांच्याकडे बघायला लागली.

"काकांकडे काय बघतेस? काका लिफ्ट बघतात. सातवा खडा कुठे आहे?"

"झाला असता, काकू. अजून सहा महिने मिळाले असते तर झाला असता. नोकरी थांबणार नव्हती."

"आणि अर्धे गोळे?"

"तेही सुधारता आलं असतं."

हे मध्ये पडले. "अगं, चार रंगीत गोळे ते. कुणाचा जीव गेला का? सोमवारी लिहून दे, चुकलं माझं. विषय संपला."

"आणि माझं काम?"

"दुसरं मिळेल. तिच्या बापाला मी शब्द दिला आहे, शेवटच्या दिवशी, हात हातात घेऊन."

म्हटलं, "शब्द तुम्ही दिलात, वाढवली मी. मला का नाही कुणी विचारलं तेव्हा?" ह्यांनी मान खाली घातली.

मग बारकी जवळ आली. रडत होती, खरं रडत होती, मला तिचं खोटं रडणं लहानपणापासून ओळखता येतं. म्हणाली, "काकू, तुला काय फरक पडतो? तू परत बाटल्या धुशील, इथे नाही तर दुसरीकडे. माझं मात्र सगळं जाईल. तुला कोण विचारणार आहे, अडाणी बाईकडून चूक झाली, एवढंच म्हणतील."

तिला वाटलं ती मला समजावते आहे. चेहऱ्यावर मायाच होती. तेच मला सहन झालं नाही. शिवी दिली असती तर परतवली असती.

उठून कणकेचं भांडं घासत बसले. घासलेलंच होतं. ती दारात म्हणाली, "फाईली टाकल्यास ना?"

भांड्याकडेच बघत म्हटलं, "तू सांगितलं होतंस ना."

त्यावर ती गेली. खरं काय ते मी तिला सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याशी हातचं राखून बोलले. हेही लिहून ठेवते. वही म्हणजे शपथ.

२१ मार्च, शनिवार

सकाळी लवकर प्रयोगशाळेत गेले. संगणकाला हात लावायचा नाही, म्हणून यंत्रवाल्याला बोलावलं आणि मागे उभी राहून त्याला सांगितलं, माझा कप्पा उघड, 'परात' उघड. उघडली. अर्धे गोळे जसेच्या तसे, सोललेल्या फळासारखे. मग 'झाकण' उघडायला लावलं. हिरवे, भरलेले, आणि कोपऱ्यात काडी नाही. तो म्हणाला, "बाई, हे नाव कुणी ठेवलं?" म्हटलं, "आता तेवढंच विचार."

दोन्ही फाईली त्याच्याकडे कॉपी करून ठेवायला लावल्या. मग त्याच्याच खोलीतल्या मशीनवर ह्या वहीच्या चार तारखेच्या आणि नऊ तारखेच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या.

परत निघाले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. बारकी सहा वर्षांची असताना एकदा माझी बेतायची कात्री हरवली होती. तिनं शेजारणीच्या मुलीचं नाव सांगितलं होतं. कात्री बारकीच्याच उशीखाली निघाली. मी हसले होते. काय तो धीटपणा, म्हणून चारचौघांत सांगितलंही होतं. आज तो किस्सा आठवला आणि बसस्टॉपवर एकटीच उभी राहिले, दोन बस गेल्या.

घरी येऊन तिला चिठ्ठी लिहिली. ह्या वहीत उतरवून ठेवते. मूळ तिच्याकडे, कॉपी माझ्याकडे.

बारके,

तोंडावर बोलले तर तू रडशील आणि मी विरघळेन, म्हणून लिहिते.

सोमवारी मी साहेबांना सांगणार आहे की काडी माझ्या हातून गेली, कळूनसुद्धा तशीच ठेवली, चहा गार होतो म्हणून. यंत्रवाल्याला न विचारता आकडा बदलला तेही सांगणार. तू सांगितलंस म्हणून बदलला, पण बोट माझंच होतं. त्याची जी काय शिक्षा असेल ती घेईन. बाटल्या धुवायला मला लाज कधीच वाटली नाही.

पण सातव्या खड्याचं मी माझ्या अंगावर घेणार नाही. जुन्या फाईली मी टाकल्या नाहीत. तू विचारलंस तेव्हा आडून बोलले, त्याची माफी माग म्हणालीस तर मागेन. 'परात' आहे, 'झाकण' आहे, वही आहे. पान फाडायचं नाही हे तूच शिकवलंस.

तुझे सहा महिने गेले तर जाऊ देत. तुझ्या जेवणाचं, भाड्याचं मी बघेन, आजवर बघितलं तसंच. काकांचा शब्दही त्यात येतो. खडा परत बनव. झाला तर त्याचं चित्र मी फुकट करीन, सगळ्या काड्यांसकट. नाही झाला तर नाही झाला, अर्धे गोळे घेऊन ये, अर्धेच दाखवू.

लोक मला अडाणी म्हणोत, आहेच मी. तू मदतनीस बाई म्हणालीस ते मात्र माझ्या कानातून जात नाही. तिथे मी कोण होते, ते तुला सोमवारी त्याच माणसांसमोर सांगावं लागेल.

आता एवढंच विचारते. सोमवारी दहाला साहेबांच्या टेबलावर वही ठेवायची आहे. ती तू ठेवतेस की मी? उद्या, रविवारी संध्याकाळी सहाच्या आत घरी येऊन सांग. फोन नको. सहानंतर आलीस तर दार उघडीन, पण वही तोवर माझ्या पिशवीत गेलेली असेल.

काकू